मी वाचवलेला गॅस

बापू ढोमणेंची दोन नंबरची भट्टी माझ्यामुळे बंद आहे. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर शेवटी कोणी म्हणेल, अक्षतने इथेही लपवलं. लपवणं खूप झालं.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी रुचिराताई म्हणाल्या, आपल्यातल्या एखाद्या माणसावर लिही. मी म्हणालो, ताई, मी दहावीत दोनदा नापास झालेला, मी काय लिहिणार. त्या म्हणाल्या, बोलतो तसं लिही, शुद्धलेखन मी बघते. चलो, ठीक आहे. शुद्धलेखन बघा, बाकी काही बदलू नका.

श्रीपाद ढोमणे हे नाव फक्त गॅसच्या बिलावर आहे. बाकी सगळ्यांचे ते बापू. चौतीस वर्षं डिफेन्सच्या फॅक्टरीत होते, पोलादाला पाणी द्यायच्या सेक्शनमध्ये. पाणी देणं म्हणजे काय, तर तुकडा भट्टीत लाल करायचा, तेलात बुडवायचा, मग परत हलका तापवायचा. असं केलं की तो कडक होते आणि तुटत पण नाही. रिटायर झाल्यावर लोक नर्मदेच्या ग्वारीघाटावर जाऊन बसतात. बापूंनी गोहलपुरात शेड घेतली, भट्टी टाकली, आणि ट्रॉलीच्या चाकांवर स्प्रिंगसारख्या बसतात त्या कमानीच्या पट्ट्यांना पाणी द्यायचं काम सुरू केलं.

भट्टीला टेम्परेचरचा काटा आहे. बापू तिकडे पाहतच नाहीत. ते रंग पाहतात, आणि रंग सांगतात कुंदाकाकूंच्या साड्यांवरून. झाकणाच्या भोकाला डोळा लावून म्हणतील, "अजून लग्नाचा शालू आहे रे, गौरीपूजेची नारंगी येऊ दे." नारंगी आली की "काढ." मी एकदा चोरून काटा पाहिला, दहा डिग्रीचाही फरक नव्हता. काकूंना हे माहीत आहे. त्या म्हणतात, माझ्या अंगावर होती तेव्हा दिसली नाही, भट्टीत बरोबर दिसते यांना.

माझे बाबा फॅक्टरीत बापूंच्या हाताखाली होते. बाबा गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा. शाळा सुटलेली, दिवसभर कोणाशी ना कोणाशी भांडण. बापू घरी आले आणि आईला म्हणाले, पोट्टा माझ्याकडे पाठवा, आग पाहिली की शांत होईल. शांत काही झालो नाही. पण तेव्हापासून बापूंबद्दल कोणी वाकडं बोललं की माझा हात उठते. गल्लीला हे माहीत आहे. पाच वर्षं तिथे काम केलं, एक नंबरची भट्टी माझी होती. दोन नंबरची नथ्थूची. नथ्थू साठीला आलेला, बरेला गावचा, मला बड्डे म्हणजे भाऊ म्हणते आणि माझ्या डब्यातलं लोणचं खाते.

गॅस यायच्या आधी आमच्याकडे जळक्या ऑइलची भट्टी होती. ट्रकच्या गॅरेजमधून काळं ऑइल फुकटात मिळते, तेच जाळायचं. धूर असा की समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडायचे. बाया रोज वरून शिव्या द्यायच्या. बापू हात जोडून ऐकून घ्यायचे.

मग गॅसची पाइपलाइन मेन रोडपर्यंत आली. कंपनीचं म्हणणं होतं, गल्लीत आणू, पण पुरेसे कारखाने घेणार असतील तर. स्कूटी मी चालवायचो आणि बापू मागे, हातात फॉर्म. तीन महिने आम्ही दारोदार फिरलो. लोक म्हणायचे, बापू, हे सरकारी काम आहे, तुम्ही राहाल तोवर येणार नाही. बापू म्हणायचे, मग माझ्या नावाने तरी सही कर. अकरा सह्या झाल्या, लाइन आली आणि शेडमध्ये गॅसच्या दोन भट्ट्या बसल्या. त्या दिवशी बापू सकाळीच ग्वारीघाटावरून नर्मदेचं पाणी घेऊन आले, व्हॉल्व्हवर शिंपडलं, नारळ फोडला, आणि समोरच्या गच्चीकडे पाहून हिंदीत बोलले की आता तुमचे कपडे काळे होणार नाहीत, माझ्या शेडमध्ये आता गॅसशिवाय दुसरं काही जळणार नाही. वरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. जुनी भट्टी कोपऱ्यात तशीच राहिली, कारण ती मोडायला बापूंचा जीव झाला नाही.

दीड वर्ष मस्त गेलं. मग गॅसचा भाव चढत गेला. मागच्या वर्षी डॉक्टरने बापूंना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं होतं. बिल हातात घेऊन बापू म्हणाले, बघू दिवाळीनंतर. दिवाळीनंतर म्हणाले, बघू होळीनंतर. भोकाला डोळा लावला की आता त्यांना दोनदा पाहावं लागायचं. आमचा सगळा धंदा त्या डोळ्यावर, आणि डोळा गॅसच्या बिलामागे थांबलेला.

तेव्हा मी ते केलं.

बापू नऊला यायचे, नथ्थू आठला. मी पाचला जाऊ लागलो. कोपऱ्यातली जुनी भट्टी पेटवायची, जळक्या ऑइलवर पट्ट्या अर्ध्या लाल करायच्या, आणि तशाच उचलून गॅसच्या भट्ट्यांमध्ये भरायच्या. गॅसचं काम फक्त शेवटचं उरायचं. उजाडायच्या आत जुनी भट्टी विझवायची, वर पत्रा ठेवायचा. रोज तीनशे युनिट गॅस लागायचा, तो दोनशेवर आला. बापूंना सांगितलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, म्हणून सांगितलं नाही. तेव्हा मला यात चूक दिसतच नव्हती. उलट स्वतःवर खुश होतो.

पहिलं कमी बिल आलं तेव्हा बापू ते कितीतरी वेळ पाहत राहिले. नेमकं त्याच महिन्यात त्यांनी दोन्ही भट्ट्यांच्या बर्नरची तोंडं घासून हवेचं माप बदललं होतं. त्यांना वाटलं, त्याचाच हा परिणाम. घरी काकूंना सांगितलं, गल्लीत सांगितलं, मला दहादा सांगितलं. बर्नर म्हणजे चुलीचा भाऊ आहे रे अक्ष्या, हवा बरोबर दिली की अर्ध्यात शिजवते. मी म्हणायचो, हौ बापू. मग गल्लीतले लोक बोलवायला लागले. बापू पाना आणि तारेचा ब्रश घेऊन आठ जणांचे बर्नर घासून आले. फुकट. त्यांचं बिल काही उतरलं नाही. बापू विचारात पडायचे, कुठे चुकून राहिलं आपलं, म्हणून परत जायचे, परत घासायचे. मी शेजारी उभा राहून पाना धरायचो.

सांगायची वेळ तीच होती. पण त्यांचा तो चेहरा पाहून माझं तोंड उघडायचं नाही. वरच्या बाईच्या चादरीवर परत ठिपके पडले. बेकरीचा धूर समजून तिने बेकरीवाल्याशी भांडण केलं. मी तिथून गुपचूप निघून गेलो.

एक दिवस नथ्थू लवकर आला. मी चिमट्याने लाल पट्टी उचलून राहिलो होतो. त्याने जुन्या भट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा आणायला निघून गेला. तीन ग्लास घेऊन आला. एक बापूंचा, झाकून ठेवला.

होळीनंतर बापूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाचलेल्या पैशातून झालं, आणि त्याचा मला अजूनही आनंद आहे. ते पण खरं सांगून टाकतो.

मग कंपनीचं पत्र आलं. बाहेरून जहाजाने येणारा गॅस कमी झाला आहे. आपल्या देशातला जो गॅस निघते तो आधी घरांना आणि गाड्यांना. कारखान्यांना मागच्या सहा महिन्यांची सरासरी काढून त्याच्या शंभरातले ऐंशी मिळणार. त्याच्यावर हवा असेल तर जहाजाच्या भावाने, म्हणजे दुपटीच्या वर. त्या भावाने पट्ट्यांना पाणी दिलं तर मजुरी पण सुटत नाही.

गल्लीत सगळ्यांचं वीस-वीस कापलं. ते ओरडले, पण निभावून नेणार होते. आमची सरासरी निघाली दोनशे. त्याचे ऐंशी टक्के एकशे साठ. एका भट्टीलाच दीडशे लागतात. मी नीट राहिलो असतो तर सरासरी तीनशे निघाली असती, दोनशे चाळीस मिळाले असते. थोडे तास कमी करून दोन्ही भट्ट्या चालल्या असत्या, नथ्थू राहिला असता. हा हिसाब मी पत्र वाचताना जागच्या जागी केला. गणितात नापास झालो होतो, पण हा बरोबर जमला.

बापूंना वाटलं मीटर बिघडलं. त्यांचं साधं होतं. महिन्याला आठशे पट्ट्या पाणी देऊन जातात, आणि तेवढं काम रोजच्या दोनशेत होऊ शकत नाही. बर्नरने थोडं वाचलं असेल, एवढं नाही. तेव्हा पहिल्यांदा ते बर्नरबद्दल असं बोलले. त्यांनी तक्रार केली, मीटर उतरवून तपासायला नेलं. मीटर बरोबर निघालं. तरी बापू ऐकेनात. मला घेऊन गॅसच्या ऑफिसात गेले.

तिथे अवंतिका मॅडम म्हणून इंजिनियर आहेत, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळे आकडे दाखवले. मग हळूच म्हणाल्या, "काकाजी, दो ही बातें हो सकती हैं. या तो माल कम बना, या फिर कुछ और जल रहा था."

बापू ताठ झाले. "मेरे यहाँ दूसरा कुछ नहीं जलता. मैंने गली के सामने बोला है." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ये लड़का सबसे पहले आता है. इससे पूछ लीजिए."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. खांद्यावर बापूंचा हात तसाच होता.

मी म्हणालो, "नहीं जलता, मॅडम."

आजवर मी पुष्कळ लोकांना मारलं आहे, पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. त्यातलं काही आठवत नाही. हे तीन शब्द आठवतात.

परत येताना बापू म्हणाले, बरं झालं तू होता सोबत, पोरगी बापडी आकड्यांना धरून बसली आहे. मी स्कूटी चालवून राहिलो होतो, म्हणून त्यांना माझं तोंड दिसलं नाही.

गल्लीत बातमी पोचली. गुणवंत, बाजूचा कमानी बनवणारा, ज्याचा बर्नर बापूंनी तीनदा घासला होता, तो चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, काय बापू, तुमची भट्टी आता हवेवर चालते म्हणे. लोक हसले. बापू पण हसले. एरवी मी गुणवंतची कॉलर धरली असती. त्या दिवशी मी चहाचा ग्लास धुवायला गेलो, जे काम टपरीवाल्याच्या पोरीचं आहे.

महिना संपला तेव्हा दोन नंबरची भट्टी बंद करायचं ठरलं. नथ्थूला बापूंनी स्वतः सांगितलं. नथ्थू म्हणाला, ठीक है मालिक, आणि आपले चिमटे, हातमोजे गोळा करायला लागला. बापू म्हणाले, घेऊन जाऊ नको, इथेच ठेव, तुझी जागा आहे. ठेवायचं कुठे? तर कोपऱ्यातल्या जुन्या भट्टीत, तिला पत्र्याचं झाकण आहे. बापूंनी पत्रा सरकवला आणि आत हात घातला.

हात बाहेर आला तो काळा. ओला काळा. बापूंनी बोटं डोळ्यांजवळ नेली. नवीन डोळा, आता सगळं साफ दिसते. बोटं नाकाशी नेली. मग नथ्थूकडे पाहिलं.

"नथ्थू? तू?"

नथ्थूने मान खाली घातली. नाही म्हटलं नाही. जाता जाता हा आळ पण उचलून नेणार होता तो, हातमोज्यांसोबत.

"मी," मी म्हणालो. "मी जाळलं, बापू."

बापूंनी पत्रा बाजूला ठेवला. एक नंबरची भट्टी सुरू होती, तिचा तेवढा आवाज.

"किती महिने?"

"सात."

"रोज?"

"रविवार सोडून."

मला वाटलं आता मारतील. मारावं असं वाटत होतं. ते हात पुसायला कापड शोधत राहिले, सापडलं तरी पुसला नाही. मग म्हणाले, "म्हणजे बर्नर मी नाही नीट केला."

ऑफिसात खोटं बोललो त्याबद्दल विचारतील, नथ्थूबद्दल विचारतील, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. बर्नरचं मनातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बापू मला घेऊन परत अवंतिका मॅडमकडे गेले. मी आधी बोलायला तोंड उघडलं, त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, बेटी, त्या दिवशी माझ्या बाजूने खोटं बोललं गेलं, माझ्या शेडमध्ये ऑइल जळत होतं. मी म्हणालो, यांना माहीत नव्हतं, मी केलं. मॅडमनी आम्हा दोघांकडे पाहिलं. म्हणाल्या, आकडे आता बदलत नाहीत, जे मीटरमधून गेलं तेच धरतात. सहा महिन्यांनी नवीन सरासरी निघेल, तेव्हा बघू. आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

तिथून बापू घरी नाही गेले. पाना आणि ब्रश माझ्या हातात दिला, आणि ज्या आठ जणांचे बर्नर घासले होते त्या आठही ठिकाणी गेलो. प्रत्येक ठिकाणी बापू एकच बोलले, भाऊ, माझं गणित चुकलं होतं, तुमच्या बर्नरची हवा पहिल्यासारखी करून देतो. का चुकलं ते त्यांनी नाही सांगितलं. ते मी सांगायचं होतं. मी आठ वेळा सांगितलं. कोणी हसलं, कोणी च्‌ च्‌ केलं. समोरच्या गच्चीवरच्या बाईला पण सांगितलं. तिने बेकरीवाल्याची माफी मागायला मलाच पाठवलं.

गुणवंतकडे शेवटी गेलो. तो म्हणाला, "अबे, एवढा गॅस वाचवला तर आता वाचवलेला दाखव ना, कुठे ठेवला?" बापू म्हणाले, "माझ्या डोळ्यात आहे, गुणवंत. पाना दे रे अक्ष्या."

मग राहिलं नथ्थूचं. एका भट्टीला एकच माणूस लागते. मी बापूंना म्हणालो, नथ्थूला ठेवा, मी जातो. मला आत कुठेतरी वाटत होतं की ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "हौ. तेच बरोबर आहे." मी आता तिलवाऱ्याच्या रोडवर एका टायरच्या दुकानात आहे. नथ्थू माझ्या भट्टीवर आहे, आणि दुपारी फोन करून विचारते की काय बड्डे, आज लोणचं कोणतं. काकूंनी बंद भट्टीवर धूळ बसू नये म्हणून जुनी साडी टाकली आहे. नारंगी नाही, ती त्यांनी ठेवून दिली.

शेडची एक चावी माझ्याकडेच आहे. बापूंनी मागितली नाही. मी द्यायला गेलो होतो तर म्हणाले, राहू दे, कधी लागते.

आता मागच्या महिन्याची गोष्ट. एकशे साठपैकी रोज दहा-बारा उरून राहिले होते. गुणवंत बापूंना म्हणाला, सगळे करून राहिले तेच करा, काम नसलं तरी रविवारी भट्टी रिकामी चालवा. मीटर फिरेल, सरासरी वर जाईल, नाहीतर पुढच्या वेळी अजून कापतील. आणि खरंच गल्लीत सगळे तेच करून राहिले होते. ज्या गॅससाठी रडून राहिलो तोच हवेत सोडून राहिलो. बापू म्हणाले, रिकामी भट्टी मी जाळणार नाही, दुसऱ्या कोणाच्या वाट्याचा आहे तो. काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बरोबर नव्हता. अजून कापलं तर एक नंबरची पण जाईल.

रविवारी दुकान बंद असते. मी चावी घेतली आणि शेडवर गेलो.

दहा वाजले होते, बाजूच्या तीन शेडमधून रिकाम्या भट्ट्यांचा आवाज येऊन राहिला होता. मीटर शांत होतं. सात महिने मला वाटायचं की ते मीटर हळू फिरावं. त्या दिवशी वाटलं धावत सुटावं. चार तास चालवलं असतं तर कोणाला कळलं नसतं. बापूंसाठीच तर होतं. मी व्हॉल्व्हवर हात ठेवला, आणि माझ्या लक्षात आलं की मी त्या पाच वाजताच्या पहिल्या दिवशी पण अगदी असंच म्हणालो होतो स्वतःला, बापूंसाठीच तर आहे.

कुलूप लावून सरळ बापूंच्या घरी गेलो. ते अंगणात पेपर वाचत होते, चष्म्याशिवाय. मी म्हणालो, मी शेडवर गेलो होतो.

पेपर खाली आला. "व्हॉल्व्हला हात लावला?"

"लावला."

"फिरवला?"

"नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी खरं बोलून राहिलो की नाही हे पाहत होते. हे ते आधी कधी पाहायचे नाहीत, माझ्या खांद्यावर सरळ हात ठेवायचे. आता भोकाला डोळा लावल्यासारखं दोनदा पाहतात, आणि डोळा तर चांगला झाला आहे.

मग आत तोंड करून म्हणाले, "कुंदा, अक्ष्या आला आहे. चहा टाक."

नवीन सरासरी निघायला अजून दोन महिने आहेत.